लाईट जाऊन आली की घरच्या सर्व्हरचं नाव सापडत नाही: कारणं आणि उपाय

लक्षण असं. लाईट जाते, तास-दीड तासानं येते. राउटरचे दिवे हिरवे होतात, फोनवर अडकलेले मेसेज धडाधड यायला लागतात, पण घरच्या सर्व्हरचं पान काही उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, हा पत्ता सापडला नाही. नावाच्या जागी आकडे टाकले, म्हणजे १९२.१६८.१.१०, की तेच पान लगेच उघडतं. सर्व्हर एकदा बंद करून चालू केला की नावही चालायला लागतं आणि सगळे विसरून जातात. पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात हे आठवड्यातून कितीदाही होऊ शकतं. म्हणून ‘बंद करून चालू करा’ हा उपाय इथं उपाय नाहीच, रोजचं काम आहे. पण त्याच उपायात खरा धागाही आहे. सेटिंग चुकलेलं असतं तर ते पुन्हा चालू केल्यावरही चुकलेलंच राहिलं असतं. पुन्हा चालू केल्यावर चालतं, याचा अर्थ फाइलमध्ये लिहिलेलं बहुतेक बरोबर आहे आणि गडबड उठण्याच्या क्रमात आहे. लाईट आल्यावर राउटर, सर्व्हर, त्यावरच्या सर्व्हिसेस, फोन, लॅपटॉप ही सगळी मंडळी एकाच क्षणी जागी होतात आणि एकमेकांची वाट न बघता कामाला लागतात. पुढचं सगळं याच क्रमाबद्दल आहे.

(कमांड आणि फाइलींची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच टाकायची.)

माझी मांडणी सांगतो, म्हणजे उदाहरणं कळतील. लातूरच्या घरी वरच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू सर्व्हर ही लिनक्सची आवृत्ती. त्याचं नाव मांजरा, पत्ता १९२.१६८.१.१०. शेजारी रास्पबेरी पाय ४, तळहाताएवढा छोटा संगणक. तिचं नाव तेरणा. नद्या उन्हाळ्यात आटतात, मशीन तरी चालू राहावीत एवढीच अपेक्षा. मांजरावर घरातले फोटो आणि खालच्या मजल्यावर भावाच्या आडतीच्या ऑफिसातल्या पट्ट्यांचे स्कॅन असतात. नाव सांगितलं की त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणं म्हणजे डीएनएस. घरातल्या नावांची उत्तरं मांजरावरचा डीएनएसमास्क हा प्रोग्राम देतो. बाहेरची नावं आली की तो तेरणावरच्या अनबाउंड या दुसऱ्या डीएनएस प्रोग्रामला विचारतो. घरातल्या सगळ्या नावांचा शेवट होम.आर्पा असा आहे. राउटर इंटरनेटवाल्या कंपनीनं दिलेला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१.

तुमच्याकडे डीएनएसमास्कच्या जागी पाय-होल किंवा ॲडगार्ड होम असेल. फाइलींची नावं बदलतील, कारणं तीच राहतील.

आधी काय बिघडलंय ते वेगळं करा

सोयाबीनच्या हंगामात खालून हाक येते, “भाऊजी, पट्ट्यांचं पान उघडंना गेलंय बघा, नेट तर चालू हाय.” या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड मावतात. म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी दोन नावं तपासायची, एक घरातलं आणि एक बाहेरचं.

घरातलं नाव सापडत नाही पण बाहेरची साइट उघडते, तर तुमचा फोन किंवा लॅपटॉप तुमच्या सर्व्हरला विचारतच नाही, दुसऱ्याच कुणाला तरी विचारतोय. घरातलं सापडतं पण बाहेरचं नाही, तर घरचा डीएनएस जागा आहे, त्याच्या पुढची पायरी बंद आहे; इथं बऱ्याचदा घड्याळ निघतं. दोन्ही सापडत नाहीत, तर घरची डीएनएस सर्व्हिसच उठलेली नाही.

ही तपासणी कशानं करायची, यावरही बरंच अवलंबून आहे. बहुतेक जण पिंग मारतात आणि त्यावरून निष्कर्ष काढतात. पिंग दोन गोष्टी एकदम करतो, नाव शोधतो आणि मशीनपर्यंत पोचतो. कुठलं फसलं ते नीट कळत नाही. त्यापेक्षा लिनक्सवर या दोन ओळी चालवा:

डिग @१९२.१६८.१.१० मांजरा.होम.आर्पा
गेटेंट होस्ट्स मांजरा.होम.आर्पा

पहिली ओळ थेट तुमच्या सर्व्हरला विचारते. मधे कुणी नाही, लॅपटॉपवरची होस्ट्स फाइल, म्हणजे हातानं लिहिलेली नाव-पत्त्यांची यादी, तीही नाही. दुसरी ओळ लॅपटॉपवरचा एखादा साधा प्रोग्राम ज्या वाटेनं नाव शोधतो, त्याच वाटेनं जाते: आधी एनएसस्विच.कॉन्फमध्ये लिहिलेला क्रम, मग होस्ट्स फाइल, मग डीएनएस. पहिलीला उत्तर आलं आणि दुसरीला नाही, तर सर्व्हर निर्दोष आहे. भानगड तुमच्या लॅपटॉपवर आहे. दोन्हीला नाही आलं तर सर्व्हरकडे जा. इंटरनेटवरच्या निम्म्या चर्चा ‘डिगला दिसतं पण ब्राउझरला नाही’ यावर अडकलेल्या असतात, कारण दोघं एकाच वाटेनं जात नाहीत हे तिथं कुणी विचारातच घेत नाही.

विंडोजवर एनएसलूकअप हे डिगसारखं थेट विचारतं. तिथं नावाच्या पुढे सर्व्हरचा आकडा टाकायला विसरू नका.

सर्व्हर आधी उठतो, राउटर नंतर

दोन्ही नावं सापडत नसतील तर मांजरावर जाऊन आधी हे बघा:

जर्नलसीटीएल -यू डीएनएसमास्क -बी

शेवटचं -बी म्हणजे आत्ताच्या चालू होण्यापासूनच्याच नोंदी. तिथं १९२.१६८.१.१० वर ऐकायला बसता आलं नाही, मागितलेला पत्ता मिळत नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर चोर सापडला.

हे घडतं कसं ते समजून घेण्यासारखं आहे. उबुंटूवर सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी नावाची, नावं शोधून देणारी सर्व्हिस आधीपासून १२७.०.०.५३ या पत्त्यावर पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचं ठरलेलं दार, धरून बसलेली असते. डीएनएसमास्क स्वतःच्या नेहमीच्या पद्धतीनं मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर मिळून एकदम पोर्ट ५३ मागतो, म्हणून दोघांची टक्कर होते आणि ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असा निरोप येतो. लोक शोधतात, त्यांना सल्ला मिळतो की कॉन्फिगमध्ये बाइंड-इंटरफेसेस ही ओळ टाका आणि ऐकायचा पत्ता नेमका लिहा. टाकली की लगेच चालतं. पण त्या ओळीचा अर्थ असा आहे की डीएनएसमास्क सुरू होतो त्या क्षणी तो पत्ता मशीनवर हजर पाहिजे. एरवी तो हजर असतो. लाईट आल्यावर नसतो. डेस्कटॉप अर्ध्या मिनिटात उठतो. फायबरचा राउटर सावकाश, दोन-तीन मिनिटं घेत. तोवर नेटवर्कच्या केबलमध्ये दुसऱ्या टोकाला कुणीच नाही, म्हणून तुम्ही पत्ता पक्का लिहून ठेवलेला असला तरी नेटवर्क सांभाळणारी सर्व्हिस तो कार्डाला लावत नाही. डीएनएसमास्क बघतो, पत्ता नाही, आणि बंद पडतो. त्याच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या फाइलीत, ‘पडलास तर पुन्हा ऊठ’ असं लिहिलेलं नसेल तर तो तसाच पडून राहतो. तुम्ही अर्ध्या तासानं सर्व्हर बंद-चालू करता तेव्हा राउटर कधीचाच जागा असतो, म्हणून सगळं सुरळीत.

म्हणजे पहिल्या बिघाडाचा उपाय हाच दुसऱ्या बिघाडाचं कारण.

यावरचा इलाज एका ओळीचा आहे. बाइंड-इंटरफेसेस काढा आणि तिथं बाइंड-डायनॅमिक लिहा. मग डीएनएसमास्क नेमक्या पत्त्यांवरच बसतो, रिझॉल्व्हडीशी टक्करही होत नाही, आणि पत्ता नंतर उगवला तर उगवल्या क्षणी त्यावर ऐकायला लागतो. दोन्ही ओळी एकत्र ठेवू नका, तो सुरूच होणार नाही. डीएनएसमास्क.डी या फोल्डरमध्येही एकदा डोकावा. व्हर्च्युअल मशीनची काही पॅकेजं तिथं स्वतःची छोटी फाइल टाकून ठेवतात आणि तिच्यातही बाइंड-इंटरफेसेस असतं.

जोडीला सर्व्हिसला उठायची आज्ञाही द्या. सिस्टिमसीटीएल एडिट डीएनएसमास्क असं म्हटलं की एक रिकामी फाइल उघडते; त्यात सर्व्हिस या कंसाखाली रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर आणि रीस्टार्टसेक=५ लिहायचं. दुसरी ओळ गाळायची नाही. नुसतं रीस्टार्ट लिहिलं तर सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हिसेस चालू-बंद करणारा लिनक्सचा कारभारी, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पुन्हा प्रयत्न करतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून भागलं नाही की हात टेकतो. राउटरला लागणाऱ्या तीन मिनिटांच्या मानानं हे काहीच नाही. पाच-पाच सेकंदांचं अंतर ठेवलं की ती मर्यादा कधी लागतच नाही.

‘सर्व्हिस नेटवर्कनंतर सुरू कर’ असा सल्लाही भेटेल. नेटवर्क.टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हे वेगळे आहेत. पहिल्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी सर्व्हिस सुरू झाली, एवढाच. केबल जिवंत आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरा खरंच वाट बघतो, पण तोही कायम नाही. सिस्टिमडी-नेटवर्कडी वापरणाऱ्या मशीनवर ही वाट १२० सेकंदांची असते. तुमचा राउटर त्याहून आळशी असेल तर पुन्हा तिथंच. शिवाय त्या दोन मिनिटांत बाकीचंही बरंच अडकून बसतं. बाइंड-डायनॅमिक जास्त बरं.

पत्त्याबद्दल एक सांगून पुढे जातो. डीएनएस देणाऱ्या मशीनचा पत्ता राउटरच्या डीएचसीपीवर, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्यावर, सोडू नका. मशीनवरच पक्का लिहा, आणि राउटर ज्या पट्ट्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा घ्या. घरातल्या बाकीच्या वस्तूंना, म्हणजे प्रिंटर, कॅमेरा वगैरेंना राउटरमध्येच त्यांच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे वस्तूच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर, राखीव पत्ता दिला तरी चालतं.

घड्याळ मागे पडलं की बाहेरचं जग बंद

हा बिघाड जास्त चकवा देणारा आहे. मांजरा.होम.आर्पा उघडतं, फोटो दिसतात, पण बाहेरची एकही साइट उघडत नाही. इंटरनेटवाल्याला फोन करावासा वाटतो. त्याआधी तेरणावर, म्हणजे अनबाउंड चालतो त्या मशीनवर, डेट ही कमांड चालवा आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा.

रास्पबेरी पाय ४ आणि तिच्या आधीच्या सगळ्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. २०२३ साली आलेल्या पाय ५ वर ते आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. न लावता वापरली तर तीही तशीच. लाईट गेली की पायचा काळ थांबतो. परत उठताना ती शेवटची लिहून ठेवलेली वेळ उचलते आणि तिथून पुढे मोजायला लागते. रात्रभर लाईट नसेल तर घड्याळ रात्रभर मागे. लग्नाला गावी जाताना मेन स्विच पाडून गेलात तर तितके दिवस मागे. जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण बॅटरी मेलेली असेल तर त्याचीही हीच गत.

मागे पडलेल्या घड्याळाचा आणि नाव शोधण्याचा संबंध डीएनएससेकमुळे, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सहीमुळे, येतो. अनबाउंड मिळालेल्या उत्तरावरची सही तपासतो, आणि प्रत्येक सहीवर ‘या वेळेपासून या वेळेपर्यंत ग्राह्य’ असं लिहिलेलं असतं. काही सह्या तर आजकाल विचारल्या क्षणी तयार होतात आणि त्यांची मुदत एक-दोन दिवसांची असते. घड्याळ मागे असेल तर अनबाउंडच्या दृष्टीनं ती सही अजून लागूच झालेली नाही. तो उत्तर फेकून देतो आणि विचारणाऱ्याला सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता आलं नाही, असं कळवतो.

आता खरी गाठ. घड्याळ दुरुस्त करायला पायला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडे जावं लागतं. त्या सर्व्हरचं नाव लिहिलेलं असतं, डेबियन.पूल.एनटीपी.ऑर्ग वगैरे. ते नाव शोधायला डीएनएस पाहिजे. डीएनएस म्हणतो, आधी घड्याळ बरोबर कर. लाईट कितीही वेळ राहिली तरी ही गाठ आपोआप सुटत नाही, आणि पाय बंद-चालू करूनही सुटत नाही. पहिल्या बिघाडापेक्षा हा वेगळा ओळखायची हीसुद्धा एक खूण.

खात्री करायला डिगच्या शेवटी +सीडी लावा. याचा अर्थ सही तपासू नको. साध्या डिगला सर्व्हफेल आणि +सीडीला व्यवस्थित उत्तर असेल तर दोष सही तपासण्यातच आहे, आणि घरच्या सर्व्हरवर तो जवळजवळ नेहमी घड्याळाचा असतो.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र केले तरी हरकत नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे वेळेच्या सर्व्हरच्या जागी नावाऐवजी आकडा लिहिणं. गूगलचे वेळेचे सर्व्हर २१६.२३९.३५.०, २१६.२३९.३५.४, २१६.२३९.३५.८ आणि २१६.२३९.३५.१२ या पत्त्यांवर आहेत. हे वापरायचे तर चारही गूगलचेच वापरा, त्यांत दुसऱ्यांचे मिसळू नका. लीप सेकंद, म्हणजे घड्याळात कधीमधी घालावा लागणारा जादा सेकंद, आला की गूगल तो दिवसभरात थोडा थोडा पसरवतं, बाकीचे एकदम देतात, आणि तुमचं मशीन दोघांत गोंधळतं. दुसरा उपाय अनबाउंडमध्ये: डोमेन-इनसिक्युअर या ओळीत एनटीपी.ऑर्ग लिहिलं की तेवढ्या नावाची सही तो तपासत नाही आणि गाठ सुटते. तिसरा उपाय म्हणजे पायला डीएस३२३१ चं छोटं घड्याळ मॉड्यूल लावणं. ते फार महाग नसतं, चार तारांवर बसतं आणि त्याला स्वतःची बॅटरी असते. मला हा सगळ्यात पटतो, कारण घड्याळ चुकल्यावर फक्त डीएनएस नाही, सर्टिफिकेट तपासणारी प्रत्येक गोष्ट अडते, आणि लॉगमधल्या वेळा तर इतक्या उलटसुलट होतात की पुढचा तपासच करता येत नाही.

डीएनएससेक पूर्ण बंद करा, असंही कुणी सुचवेल. त्यानं गाठ सुटेल, पण उत्तरांवरची सही तपासणंही कायमचं जाईल.

सोबतीला ८.८.८.८ नको

राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर डीएनएसच्या दोन जागा असतात. पहिल्या जागी घरचा सर्व्हर आणि दुसऱ्या जागी, असू द्या म्हणून, गूगलचा सार्वजनिक डीएनएस ८.८.८.८. हे इतकं सर्रास आहे की ते चूक आहे हे पटवायला वेळ लागतो. दोन्ही जागांकडून समान उत्तर मिळेल असं धरूनच ती यादी बनलेली आहे. पहिला मुख्य आणि दुसरा फक्त अडचणीत, असा नियम सगळी मशीन पाळत नाहीत.

लिनक्सची जुनी पद्धत क्रमानं जाते: पहिल्याला विचारून ५ सेकंद वाट बघते, मग दुसऱ्याला. रिझॉल्व्हडी तसं करत नाही. एकदा पहिला सर्व्हर गप्प राहिला आणि तो दुसऱ्याकडे वळला की दुसरा बिघडेपर्यंत त्याच्याशीच बोलत राहतो. लाईट आल्यानंतरच्या त्या तीन मिनिटांत नेमकं हेच होतं. घरचा सर्व्हर अजून झोपलेला, लॅपटॉप ८.८.८.८ कडे गेला, आणि तिथं मांजरा.होम.आर्पा विचारलं. गल्लीतल्या घराचा पत्ता मुंबईच्या पोस्टमनला विचारल्यासारखं. त्यानं सांगितलं, असं नाव अस्तित्वात नाही. यात मेख अशी की ‘नाव नाही’ हे अपयश मानलं जात नाही. ते पूर्ण आणि अधिकृत उत्तर आहे. त्यानंतर लॅपटॉप दुसऱ्या कुणाला विचारत नाही.

वर ‘नाही’ हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत, जाऊन बसतं. किती वेळ बसावं ते त्या झोनच्या, म्हणजे नावांच्या त्या विभागाच्या, एसओए नावाच्या नोंदीत असतं. मनानं बनवलेला शेवट, .घर किंवा .लॅन असा, वापरत असाल तर उत्तर थेट रूट झोनकडून, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागाकडून, येतं, आणि तिथं हा आकडा ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस आहे. बहुतेक मशीन इतका वेळ धरून ठेवत नाहीत, पण धरून ठेवलं तर नियमानं त्यांचं बरोबरच आहे. लॅपटॉपवर कॅश रिकामी करायला रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस, विंडोजवर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस.

दुसरी जागा रिकामी ठेवा. तिथं काहीतरी हवंच असेल तर घरातलंच दुसरं मशीन लिहा आणि त्यावर हुबेहूब तीच नावांची यादी ठेवा. काही राउटर जागा रिकामी दिसली की तिथं स्वतःचा पत्ता भरून देतात. तशा वेळी दोन्ही जागी घरच्या सर्व्हरचाच पत्ता टाकून बघा.

रिझॉल्व्ह.कॉन्फ पुन्हा पुन्हा बदलते

नावं कुणाला विचारायची हे लिनक्सवर /एटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलीत असतं. तिच्यात हातानं लिहिलं, चाललं, आणि लाईट जाऊन आल्यावर फाइल पुन्हा जुनी. फाइल उघडून पहिली ओळ वाचा, ती कुणी बनवली हे बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं. मग बदल त्याच्याकडे जाऊन करायचा. नेटवर्कमॅनेजर असेल तर एनएमसीएलआय वापरून त्या कनेक्शनचं आयपीव्ही४.डीएनएस भरा आणि आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस करा. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या वायएएमएल फाइलीत नेमसर्व्हर्स लिहा. रास्पबेरी पाय ओएस बुकवर्म या २०२३ च्या आवृत्तीपासून नेटवर्कमॅनेजरवर आलं आहे, त्यामुळे डीएचसीपीसीडी.कॉन्फ बदला असं सांगणारे जुने लेख त्या आवृत्तीवर लागू नाहीत. तसं वाचून काही बदललं असेल तर ते कुणी वाचतच नाहीये.

चॅट्टर +आय लावून फाइलला कुलूप घालायचा एक जुगाड फार लोकप्रिय आहे. माझ्या मते तो करू नये. ज्याला ती फाइल लिहायची होती तो लिहायचा प्रयत्न करतच राहतो, त्याच्या तक्रारी लॉगमध्ये साचतात, आणि वर्षभरानं राउटर बदलल्यावर नेट का चालत नाही हे शोधताना ते कुलूप कुणाला आठवत नाही.

एक उलट्या बाजूची चूकही बघा. मांजरा स्वतः नावांसाठी स्वतःलाच विचारतो आणि डीएनएसमास्क बाहेरच्या सर्व्हरची यादी रिझॉल्व्ह.कॉन्फमधून घेतो, असं असेल तर त्या यादीत त्याला फक्त तो स्वतः दिसतो. स्वतःला तो वगळतो आणि विचारायला कुणी उरत नाही. डीएनएसमास्कमध्ये नो-रिझॉल्व्ह लिहा आणि सर्व्हर= पुढे बाहेरचा पत्ता, माझ्याकडे तेरणाचा, थेट लिहा.

डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, फोटोची सर्व्हिस चालवत असाल तर कंटेनर सुरू होताना डीएनएसचे पत्ते होस्टकडून उचलतो. होस्टकडे त्या वेळी काही नसेल तर होस्ट नंतर सुधारला तरी कंटेनर जुन्यावरच राहू शकतो. डॉकर कम्पोजच्या फाइलीत डीएनएस म्हणून १९२.१६८.१.१० लिहून टाका.

फोन ऐकत नाही

लॅपटॉपवर सगळं चालतं, फोनवर नाही. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे. तिथं एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल, जाहिराती बंद करायला बरेच जण भरतात, तर फोन सगळी नावं पोर्ट ८५३ वरून थेट त्या सेवेला विचारतो आणि घरच्या सर्व्हरकडे ढुंकूनही बघत नाही. ते ऑटोमॅटिकवर ठेवा. ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएस हेही त्याच जातीचं.

ते सगळं ठीक असूनही नाव सापडत नसेल तर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, बघा. राउटर सगळ्यांना आपणहून पाठवतो त्या आयपीव्ही६ च्या निरोपातून (याला जाहिरात म्हणतात) स्वतःचा डीएनएस पत्ता वेगळा वाटत असतो, आणि डीएचसीपीच्या पानावर तुम्ही काहीही लिहिलं तरी त्याचा या वाटेशी संबंध नाही. लॅपटॉपवर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये एफई८० नं सुरू होणारा डीएनएस दिसला तर हेच आहे. राउटरच्या आयपीव्ही६ पानावर डीएनएसची जाहिरात बंद करता येत असेल तर करा. कंपनीनं दिलेल्या राउटरमध्ये ते पान बऱ्याचदा कुलूपबंद असतं. तेव्हा त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावून घरातलं सगळं त्यावर घेणं हाच सरळ मार्ग.

नावांचा शेवट .लोकल असा ठेवला असेल तर तो बदला. तो शेवट एमडीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय एकमेकांना नावानं शोधायच्या पद्धतीसाठी, आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या नियमपत्रानं राखीव ठेवलेला आहे. डेस्कटॉप लिनक्सवर त्याची नावं बहुधा डीएनएसपर्यंत पोचतच नाहीत. घरासाठी होम.आर्पा २०१८ च्या आरएफसी ८३७५ नं राखून ठेवलेलं आहे.

तपासून कसं बघायचं

लाईट जायची वाट बघू नका. दोन चाचण्या आहेत. पहिली, राउटरमधली फायबरची वायर काढा आणि घरातलं नाव शोधा. तरीही सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर घरातल्या नावासाठी कुणीतरी बाहेर विचारतंय, वरचं ८.८.८.८ चं प्रकरण किंवा फोनचं प्रायव्हेट डीएनएस तपासा. आपल्याकडे ही चाचणी जास्त महत्त्वाची, कारण एरियातली लाईट गेली की घरात इन्व्हर्टर असला तरी खांबावरच्या पेटीतलं नेट बऱ्याचदा जातं.

दुसरी, दोन्ही सर्व्हर नीट शटडाउन करा, मगच बोर्डाचं बटण बंद करा. चालू पायची लाईट थेट काढली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. दहा मिनिटांनी बटण चालू करा, म्हणजे राउटर आणि सर्व्हर एकदम उठतील. कशालाही हात न लावता पाच मिनिटं थांबा. डेस्कटॉप आपणहून उठला नाही तर बायोसमध्ये लाईट आल्यावर चालू हो हा पर्याय शोधून ऑन करा. मग मांजरावर डीएनएसमास्कचा लॉग, तेरणावर डेट, आणि फोनवर वाय-फाय बंद-चालू करून घरातलं एक आणि बाहेरचं एक नाव.

राउटर छोट्या यूपीएसवर आणि सर्व्हर साध्या बोर्डावर, अशी मांडणी खूप घरांत असते. ती उलटी असण्यापेक्षा बरी, कारण सर्व्हर उठतो तेव्हा राउटर जागा सापडतो. सर्व्हर यूपीएसवर आणि राउटर बाहेर असेल तर प्रत्येक झटक्याला केबल मरते आणि परत जिवंत होते, सर्व्हर मात्र चालूच. अशा वेळीही बाइंड-डायनॅमिक सांभाळून घेतं. दोघांनाही एकाच यूपीएसवर घ्यायचं ठरवलं तर राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टरच त्यात लावा, आणि डेस्कटॉप किती वॅट खातो ते आधी बघून यूपीएस घ्या. मॉनिटर त्यावर लावू नका.